तळाला फक्त ‘एन’ वाचता येतो: ग्लास नॉर्थवुडचा की फिरोजाबादचा?

पितळीकडी: जुन्या बाजारात एक केशरी ग्लास दिसलाय. उंची साधारण 11 सेंमी, अंगावर वेलबुट्टी आणि पाण्यावर रॉकेल सांडल्यावर येतो तसा रंगीत तवंग. काठ बोटाला खरखरीत लागतो. तळाची अक्षरं पुसट आहेत, ‘एन’ तेवढा वाचता येतो. विकणारा म्हणतो, अमेरिकन कार्निव्हल ग्लास (म्हणजे असा तवंग चढवलेली काच) आहे, नॉर्थवुड कंपनीचा. आत पांढरट थर आहे. घेण्याआधी काय बघू? आणि घेतलाच तर धुवायचा कसा?

भिंगवाला: एकट्या ‘एन’वर पैसे मोजू नका. नॉर्थवुडच्या खुणेत ‘एन’ वर्तुळात असतो आणि त्याच्याखाली आडवी रेघ असते. शिवाय त्यांच्या बऱ्याच वस्तूंवर खूणच नाही. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या मालावर मात्र ‘जैन’ ही इंग्रजी चार अक्षरं साच्यातूनच उठवलेली सापडतात, आणि फुंकलेल्या काचेत ती धड उठत नाहीत. तळावर खडूची पूड चोळा, जास्तीची फुंकून टाका आणि टॉर्च आडवा धरा. ‘एन’च्या आधी उभी दांडी दिसली तर तो ‘आय’.

अक्षरं नाहीच लागली तर आतून बोट फिरवा, खरी परीक्षा तीच. अमेरिकन कारखान्यांत ग्लास साच्यात दाबून करत. आत दट्ट्या उतरतो, म्हणून बाहेर कितीही नक्षी असली तरी आतली बाजू सपाट राहते. साच्यात फुंकलेल्या ग्लासाची काच पातळ असते आणि नक्षीमागोमाग जाते. बाहेर जिथे फुगवटा, तिथे आत खळगा.

केशरीकाच: काठाचं मी सांगतो, कारण इथे जाणकारही फसतात. दाबलेल्या अमेरिकन ग्लासाचा काठ आगीवर गुळगुळीत केलेला असतो. तिथे सपाट घासलेला, तवंग नसलेला काठ दिसला तर टवका लपवलाय असं समजा. फुंकलेल्या ग्लासाचा वरचा भाग कापून काठ घासावाच लागतो, त्यामुळे फिरोजाबादी ग्लासाचा काठ खरखरीत असणं हा दोष नाही. तो पाहून भाव पाडणारे असतात, तो भाग वेगळा!

तवंग खरा आहे का तेही बघा. काच गरम असतानाच तिच्यावर लोखंड, कथील यांच्या क्लोराइडचा फवारा मारतात, तो थर काचेशी एकजीव होतो. कापसाच्या बोळ्याला नेलपॉलिश रिमूव्हर लावून तळाच्या कडेला घासा. रंग बोळ्यावर उतरला तर नंतर मारलेलं लॅकर आहे.

विकणाऱ्याच्या ‘कार्निव्हल’ शब्दावरही जाऊ नका. फेंटन या अमेरिकन कंपनीने ही काच 1907 साली बाजारात आणली, पण ‘कार्निव्हल’ हे नाव संग्राहकांनी कितीतरी नंतर पाडलं. आपल्याकडे तर असे ग्लास घरात साधे पाणी प्यायचे म्हणूनच होते.

भिंगवाला: धुण्याबद्दल. प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल, पाणी कोमट, लिक्विड सोपचे दोन थेंब आणि मऊ सुती फडकं. चिंच, लिंबू, ब्लीच, भांड्याची पावडर, तारेची घासणी यातलं काहीही नको. डिशवॉशर तर नाहीच. तवंगाचा थर अतिशय पातळ असतो, एकदा गेला की परत चढवता येत नाही.

आतला पांढरा थर बहुधा जड पाण्याचा क्षार असावा. आतल्या बाजूला तवंग नसेल तरच एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी असं मिश्रण आत ओता, काठाच्या दोन बोटं खालपर्यंत. दहा मिनिटांनी ओतून टाका, धुवा, पुसा. दोनदा करूनही तसाच राहिला तर काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेलाय. तो घरी जात नाही, घासत बसू नका.

पितळीकडी: खडूची युक्ती लागू पडली. ‘एन’च्या आधी दांडी स्पष्ट आहे, भोवती वर्तुळ नाही, आणि आत प्रत्येक पानामागे खळगा लागतो. म्हणजे नॉर्थवुड गेलं. तरी घ्यावा का?

केशरीकाच: नॉर्थवुडचा भाव देऊ नका, बाकी अवश्य घ्या. फक्त घेण्याआधी साच्याच्या जोडरेषा उजेडात धरून बघा. पातळ काचेत तडा त्या रेषेला चिकटून असला की सहज नजरेतून सुटतो. रेष नखाला उंचवटा म्हणून लागते. नख अडकलं किंवा आत चांदीसारखी चकाकी हलली तर तडा.