दहा दिवसांची मिशन ट्रिप, नेपाळ. मामानं पैसे द्यायचे की नाही?

मोहननगरचा मामा
भाची बीएस्सी सेकंड इयरला आहे. तिच्या चर्चच्या युथ ग्रुपचे १४ जण डिसेंबरात नेपाळला मिशन ट्रिपवर चालले, १० दिवस, प्रत्येकी १८ हजार. रविवारी उपासनेनंतर पत्र वाटलं, "प्रार्थनेने व दानाने सहभागी व्हा", मला तर तिनं घरी येऊन हातातच दिलं. आता मी काही चर्चविरोधी माणूस नाही, तरुण संघात मीपण होतो. पण हिशोब करून राहिलो तर डोकं चालत नाही. १४ गुणिले १८ म्हणजे अडीच लाखाच्या वर, इथून गोरखपूर ट्रेननं, मग सोनौली बॉर्डर, मग काठमांडूची बस, जाण्यायेण्यात चार दिवस गेले. उरले सहा. त्यात मुलांना गाणी शिकवणार, नाटुकलं करणार, ब्लँकेट वाटणार. नेपाळी एकालाही येत नाही, हिंदीवर भागवणार म्हणे. ज्या माणसाच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे तो १८४५ ला नागपुरात आला, मराठी शिकला, गोंडांची गाणी-कथा जमवल्या, दगड अन् जीवाश्म गोळा करत हिंडला आणि १८६३ ला टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात गेला. १८ वर्षं! आणि आपले पोट्टे सहा दिवसात काय करून येणार? पैसे देऊ की नको, खरं सांगा.

तर्री जास्त
मामा द्या ना बे पैसे, पोट्टी गोव्याला जातो म्हणाली असती तर दिले असते की नाही?

मोहननगरचा मामा
गोव्याला दिले असते कारण गोव्याला जातो म्हणून गोव्यालाच गेली असती.

युथवाला भाऊ
मामा, तुमचा आदर ठेवून बोलतो. हिस्लॉपचं उदाहरण बरोबर आहे पण तो पण आधी कुठंतरी विद्यार्थीच होता ना. अमेरिकेत १८०६ ला विल्यम्स कॉलेजची पाच पोरं पावसात गवताच्या गंजीआड बसून प्रार्थना करत होती, त्यातून पुढं मिशन बोर्ड उभं राहिलं आणि १८१३ ला पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कॉलेजच्या वयात ठिणगी पडली नाही तर मग पडत नाही, नंतर ईएमआय असतो. मी स्वतः २०१५ च्या भूकंपानंतर सहा महिन्यांनी काठमांडूच्या बाजूला आठ दिवस गेलो होतो. मान्य करतो, आम्ही काही बांधलं नाही, पत्रे वाहिले, तेपण छपराचे टिनाचे, स्थानिक लोक आमच्यापेक्षा दुप्पट वाहत होते. पण मी तोपर्यंत गरिबी पाहिलीच नव्हती हो. परत आल्यावर मी बदललो.

निळी छत्री
गरिबी पाहायला काठमांडू? मेळघाटची बस सापडली नाही का भाऊ तुम्हाला?

आणि गंजीआड बसलेल्यांचं सांगता तर पुढचंपण सांगा. मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल मराठी शिकला, मराठी नवा करार करण्यात हात घातला आणि १८२६ ला नाशिककडं फिरत असताना कॉलऱ्यानं मेला. रिटर्न तिकीट नव्हतं त्याच्याकडं. दहा दिवसांच्या ट्रिपला त्याची साक्ष लावू नका.

युथवाला भाऊ
मेळघाटातपण आपण पाहुणेच असतो ताई. तिथली कोरकू भाषा येते का कोणाला?

सिस्टर ड्युटीवर
नाइट करून घरी आली आणि हा धागा दिसला, झोप उडाली माझी. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, करत होती तेव्हा बाहेर देशातल्या कॉलेजच्या मुलामुलींची एक टीम आमच्याकडं आली होती, कोणती ते सांगत नाही, माणसं चांगली होती. नागपूरच्या बाहेर एका गावात दोन दिवस हेल्थ कॅम्प, मी दुभाषी. बीपी मोजलं, गोळ्या दिल्या, सगळ्यांना हात लावून प्रार्थना केली, म्हाताऱ्या बाया रडल्या, फोटो झाले. टीम गेली. महिन्याभरानं एक आजी बस बदलून बदलून माझ्या हॉस्टेलच्या गेटवर, हातात बीपीच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. "त्या गोऱ्या पोरीनं दिल्या होत्या, संपल्या." बीपीची गोळी रोजची असते हो, महिन्याभराची देऊन जायची वस्तू नाही ती. त्या आजीला पीएचसी, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र, कुठं आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं, त्यात मीपण आली, मलापण सुचलं नाही. टीमला आजपर्यंत माहीत नाही असं काही झालं म्हणून. त्यांच्यासाठी तो कॅम्प सक्सेसफुल आहे.

बुटीबोरी अपडाउन
ताईनं बरोबर सांगितलं. यावर अभ्यास पण झालाय. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर अमेरिकन टीमांनी जाऊन घरं बांधली, विमानभाडं धरून एक घर साधारण ३० हजार डॉलरला पडलं, तिथलीच ख्रिस्ती संस्था तसं घर २ हजारात बांधत होती. आणि राहणाऱ्यांना विचारलं तर टीमनं बांधलं की गवंड्यानं, त्यांच्या आयुष्यात फरक काही नाही. इव्हान इलिच तर स्वतः कॅथलिक पाद्री, १९६८ ला मेक्सिकोत अमेरिकन कॉलेजच्या पोरांपुढं उभा राहून तोंडावर सांगितलं की पाहायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. बोलावलं होतं त्यालाच भाषणाला!

स्पष्ट बोलतो
सगळे पैशावर अन् गोळ्यांवर बोलून राहिले, मूळ गोष्ट कोणीच नाही. तिकडं जाऊन धर्म बदलवणार की नाही? ब्लँकेट देऊन?

युथवाला भाऊ
कोणी ब्लँकेटसाठी देव बदलत नाही भाऊ, आपल्या लोकांना इतकं स्वस्त समजू नका.

निळी छत्री
पण कायदा तरी वाचा युथवाल्यांनो. नेपाळात दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा गुन्हा आहे, २०१५ च्या राज्यघटनेतच आहे, आणि फौजदारी संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद अन् ५० हजारापर्यंत दंड, परदेशी असला तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसात देशाबाहेर. व्हिसा लागत नाही म्हणून आपण काही नेपाळी होत नाही. कायदा चांगला की वाईट तो वेगळा विषय, मला विचाराल तर वाईटच आहे, पण १९ वर्षांच्या मुलीच्या हातात पत्रकं देऊन चौकात उभं करणार असाल तर आधी तिच्या आईला हे सांगा. आणि पकडलं तर तुम्ही निघून येता, त्रास तिथल्या पाळकाला होतो. चौकशीला रोज त्यालाच बोलावतात.

१९५१ पर्यंत नेपाळात ख्रिस्ती जवळपास नव्हतेच, २०२१ च्या जनगणनेत पाच लाखाच्या वर आहेत. ते मुख्यतः नेपाळ्यांनीच केलं, बंदी होती तेव्हापण. आपल्या नाटुकल्याची वाट पाहत बसले नव्हते ते.

तर्री जास्त
आपल्याकडंच पाहा ना. वेगवेगळ्या मिशनची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० ला इथं नागपुरातच झालं, तेव्हा घरातले म्हातारे लोक सांगायचे की आता बाहेरच्या मिशनवाल्यांकडं पाहायचं नाही, आपलं आपण. आता आपणच दुसऱ्याकडं बाहेरचे मिशनवाले बनून चाललो, मजा आहे.

युथवाला भाऊ
ठीक आहे, मग काय घरी बसायचं? रील पाहायचे? १४ पोरं स्वतःहून काहीतरी करतो म्हणतात, सगळ्यांनी मिळून पाणी टाका त्यांच्यावर. एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प असतो, त्यातपण पोरं काय बंधारा पूर्ण बांधतात का, त्याला कोणी काही म्हणत नाही. चर्चनं केलं की हिशोब.

सिस्टर ड्युटीवर
भाऊ हे तुमचं पटलं मला. पण एनएसएसवाले दत्तक गावात पुढच्या वर्षीपण जातात. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या (चंद्रपूरकडच्या) श्रमछावणीत पोरं १९६७ पासून येतात, पण येतात ती कुदळ मारायला अन् ऐकायला, गावाला काही शिकवायला नाही. तुमच्या पत्रात आहे का कुठं की आम्ही कोणाकडून काय शिकणार? मामा, पत्र पाहून सांगा बरं.

मोहननगरचा मामा
पाहिलं. नाही. "सेवा", "आशीर्वाद", "पोहोचणे", हे तीन शब्द फिरून फिरून.

भाचीला धागा दाखवला. आधी चिडली, मामा तू घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणे. मग गोळ्यांवालं वाचून गप्प बसली. मी म्हटलं एकच काम कर, ज्या मंडळीकडं चालले त्या पाळकांना फोन करून विचार की तुम्हाला आमच्याकडून काय पाहिजे. तर म्हणते त्यांच्याशी आमचं बोलणंच नाही झालं, दिल्लीच्या कोऑर्डिनेटरनं ठरवलं सगळं. म्हटलं बेटा, ज्यांच्या घरी चालली त्यांना विचारलं नाही? आता नंबर मागवला तिनं. उत्तर आलं की सांगतो. तोवर १८ हजार माझ्याकडंच.

बुटीबोरी अपडाउन
फोन करायचा तर शनिवारी दुपारपर्यंत नको. तिकडं सुट्टी शनिवारी असते, उपासना पण शनिवारीच. आपल्या पोरांनी रविवारचा कार्यक्रम आखला असेल, पैज लावतो.

मोहननगरचा मामा
रविवारचाच आखला आहे.