मदत हवी आहे : रात्रीच्या घरभेटी मंडळीच्या वडिलांकडे कशा सोपवू?

नवापूर तालुक्यातल्या पाच पाड्यांवरच्या ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक (पास्टर). मधुमेहाने नजर कमी झाली, डॉक्टरांनी रात्रीची मोटारसायकल बंद केली. ही मर्यादा देवाच्या हातून आली असं मी मानतो. सेवा मात्र सोडायची नाही. बायबलमधल्या निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रोने मोशेला काम वाटून द्यायला सुचवलं, तसं मंडळीतल्या दोन वडिलांना (जबाबदारी घेणाऱ्या जाणत्या सभासदांना) पाडे वाटून दिले. तरी आजाऱ्याच्या घरून रात्री फोन येतो, "पाळकच हवेत." वडील जाऊन प्रार्थना करून येतात, लोक माझीच वाट बघतात. न गेल्याचं मला फार लागतं. तरुण दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, पगारी माणूस परवडत नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांना विचारतो : वडिलांची भेट हीसुद्धा मंडळीचीच भेट, हे घराघरांत पटायला तुम्ही नेमकं काय केलं?