नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या रात्रीच्या टपाल विमानांच्या काळात विमानात बसणं खरंच जिवावरचं होतं का?

महालकर
माझे आजोबा टपाल खात्यात होते. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची, थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आजोबांची ड्यूटी त्या अदलाबदलीवर. पण स्वतः जन्मात विमानात बसले नाहीत. "आपण थैला चढवावा, थैला होऊ नये," म्हणायचे. घरात आम्ही हसायचो. आता वाटतं, या माणसाने ती विमानं इतक्या जवळून पाहिली होती, त्याच्या भीतीत काही दम होता का? आणि तेव्हा विमानं पडायची तरी कशाने?

खामल्याचा_पोट्टा
दम होता म्हणजे काय बाप्पा! १२ डिसेंबर १९५३. रात्रीचं टपाल घेऊन मद्रासला निघालेलं डाकोटा, म्हणजे तेव्हाचं दोन इंजिनांचं पंख्याचं विमान, सोनेगावहून उठलं आणि लगेच कोसळलं. १३ जण गेले, वाचला तो फक्त वैमानिक. आठ खाजगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली तीही त्याच वर्षी.

जुना_पत्रेवाला
महालकर भाऊ, माझी सारी नोकरी हँगरमध्ये विमानाच्या पत्र्याखाली गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

लोकांना वाटते विमान पडते ते इंजिन बंद पडून, नाहीतर पायलट चुकला म्हणून. सुरुवातीच्या काळात पायलटवर ढकलणं फार सोयीचं होतं, कारण बहुतेक वेळा तो उत्तर द्यायला उरतच नसे. खरी भानगड सांगाड्यात असायची आणि ती बाहेरून दिसायची नाही. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ नावाच्या छोट्या विमानात. त्याच जातीची काही विमानं त्या दोन-तीन वर्षांत हवेतल्या हवेत मोडली होती. आपण त्या उड्डाणाचे सोहळे करतो, ही बाजू कोणी काढत नाही. अमेरिकेत ३१ मार्च १९३१ ला कॅन्सस राज्यात फॉकरचं प्रवासी विमान पडलं, ८ मेले. पंख लाकडाचा, आत ओल शिरून सरसाचे जोड सुटलेले. वरून रंग चकाचक! बघायचं म्हटलं तर पंख उकलावा लागे, आणि रोज कोण उकलणार? धातूच्या विमानांना खरा जोर मिळाला तो यानंतर.

मग पत्रा आला, आणि पत्र्याची आपली वेगळी खोड निघाली. जेटने प्रवासी नेणं सुरू झालं २ मे १९५२ ला, विमान ब्रिटिशांचं कॉमेट. रोमला एक धावपट्टीवरून उठलंच नाही, कराचीला दुसऱ्याचं तेच, तिथे ११ गेले. ठपका पायलटांवर. पुढे पंखाची समोरची कड बदलली ती मात्र मुकाट्याने. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून उडालेलं कॉमेट काही मिनिटांत वादळात फुटलं, ४३ ठार. १९५४ मध्ये इटलीजवळच्या समुद्रावर आणखी दोन गेली. तेव्हा कुठे इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत घातलं आणि आत पाणी भरून दाब चढवायचा-उतरवायचा, असा रतीब लावला. सुमारे ३,००० उड्डाणांइतका मार खाल्ल्यावर खिडकीच्या कोपऱ्याशी पत्रा फाटला.

कोपराच का? शिंपी झब्ब्याच्या कटाच्या टोकाला दोन टाके जास्त मारतो ना, त्याच कारणाने. ताण येऊन कोपऱ्यात बसतो. आम्ही तडा शोधायचो तो असा: पत्रा स्वच्छ पुसायचा, लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुन्हा कोरडा पुसायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. सारं पांढरंफटक. पाच-दहा मिनिटांनी रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या) भोकातून केसाएवढी लाल रेघ बाहेर येते. ती दिसली की चहा तिथेच राहतो.

शुभम_बजाजनगर
काका, डाकोटाला दोन इंजिनं होती ना? एकावर का नाही उडत?

जुना_पत्रेवाला
उडते राजा. वर गेल्यावर उडते. जमिनीपासून शंभर फुटांवर, विमान भरलेलं, वेग जेमतेम, अशात एक इंजिन गेलं की त्या बाजूचा पंखा हवेने फुकट फिरत ब्रेकसारखा ओढतो आणि नाक तिकडे वळते. पात्यांची धार हवेसमोर येईल अशी वळवून तो पंखा थांबवायचा, पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून धरायचं, आणि नाक वर ओढायचा मोह टाळायचा. वेळ काही सेकंद. त्यात रात्र, क्षितिज दिसत नाही, सोनेगावच्या पलीकडे तेव्हा काळोख. १९५३ च्या त्या अपघाताबद्दल नाही म्हणत मी, एकंदर गणित सांगतो.

प्राध्यापक_धंतोली
यात रस्ता चुकण्याची भर घाला. ७ एप्रिल १९२२ ला फ्रान्समध्ये लंडन-पॅरिस मार्गावर दोन प्रवासी विमानं धुक्यात समोरासमोर धडकली, सातही जण गेले. दोघेही खालचा एकच रस्ता बघत येत होते! त्यानंतर या मार्गावर उजवी बाजू धरायचं ठरलं. आपल्याकडे १३ डिसेंबर १९५० ला एअर इंडियाचं डाकोटा निलगिरीच्या डोंगरावर आदळलं, सगळे २१ ठार. त्यात अब्राहम वॉल्ड होते. युद्धातून परतलेल्या बॉम्बर विमानांवरची गोळ्यांची भोकं पाहून, जी परतली नाहीत त्यांना कुठे लागलं असेल याचं गणित मांडणारे तेच.

महालकर
म्हणजे आजोबांचं बरोबर होतं. पण काका, पायलट गेला तर खरं कारण कळायचं कसं?

जुना_पत्रेवाला
तुकडे गोळा करून, जमिनीवर मांडून. कॉमेटचे समुद्रातून काढावे लागले. त्याच चौकशीवर काम करताना ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन यांना सुचलं की कॉकपिटमधलं बोलणं आणि यंत्रांचे आकडे टिपून ठेवणारी पेटी, म्हणजे आजचा ब्लॅक बॉक्स, विमानातच असावी. सुरुवातीला त्यांच्याच देशात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पायलट लोकांचाही विरोध होता, आपलं बोलणं कोणी ऐकेल म्हणून. मला विचाराल तर त्या पेटीने सर्वात जास्त भलं केलं ते पायलटचंच.