तज्ज्ञांची व्याख्यानं: मुलांसाठी की फोटोसाठी?

लाल_शाई
काल एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं: "आरोग्य आणि क्रीडाकामगिरी शिकणाऱ्या वरच्या वर्गांना तज्ज्ञांची व्याख्यानं म्हणजे दोन तास पाण्यात. त्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या." प्रतिसाद फार लांबला, म्हणून हा वेगळा धागा.

मी हा विषय अकरा वर्षं शिकवते. कमाल हृदयगती (मिनिटाला जास्तीत जास्त ठोके) म्हणजे २२० वजा वय, हे पुस्तकात चौकटीत छापलेलं, त्यामुळे मुलांना तोंडपाठ. गेल्या वर्षी व्यायामशरीरशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे आलं कुठून?" वर्ग गप्प. मीही गप्प. १९७१ च्या एका लेखात आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून ढोबळमानाने ओढलेली ती रेघ. त्यासाठी मुद्दाम प्रयोग कुणी केलाच नव्हता. २००१ मध्ये दुसरं सूत्र आलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८०, पण साठीत एक १६० म्हणतं आणि दुसरं १६६. त्यातही एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे असतो. मागून एकाने विचारलं, "मग परीक्षेत कुठलं लिहू?" बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

शिट्टीवाला
ताई, त्या पोरानेच तुम्हाला उत्तर दिलंय की! गुण चौकटीतल्याला मिळतात.

मी वीस वर्षं मैदानावर आहे, असली व्याख्यानं ढिगाने ऐकलीत. एका महाशयांच्या ऐंशी स्लाइड, त्यातल्या पहिल्या दहा त्यांच्याच सत्काराच्या. शेवटी काय, तर "जिद्द सोडू नका". हे सांगायला तज्ज्ञ लागतो? दुसरे एक "बर्फ लावू नका" सांगून गेले. दोन दिवसांनी माझ्या पोराचा घोटा मुरगळला, तर तो बर्फ लावू देईना! घोट्याचा भोपळा झाला. तज्ज्ञ तोवर घरी.

उंटावरून
+१. आमच्याकडच्या तज्ज्ञांनी व्याख्यान संपताच पिशवीतून पावडरचे डबे काढले.

गुडघा_नंबर_दोन
अवांतर: बर्फाबद्दल त्यांचं फार चुकलं नव्हतं. दुखापतीवर आराम, बर्फ, दाब आणि तो भाग उंच ठेवणं, हे 'राइस' (इंग्रजी आद्याक्षरांवरून) ज्या अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ च्या पुस्तकात रूढ केलं, त्यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उशीर लागू शकतो. २०१९ मध्ये 'पीस अँड लव्ह' हे आद्याक्षरांचं नवं सूत्र सुचवलं गेलं, त्यात बर्फाचं अक्षरच नाही. सूज हा दुरुस्तीचाच भाग असतो. माझ्या गुडघ्यावर महिनाभर बर्फ थापला, काय मिळालं? बधिर गुडघा.

शिट्टीवाला
तुमचा गुडघा म्हणजे शास्त्र का? पोरगं कळवळत असतं तेव्हा आद्याक्षरं जुळवत बसू? बर्फाने दुखणं कमी होतं, हे तुमचे मर्किनसुद्धा नाकारत नाहीत.

गुडघा_नंबर_दोन
दुखणं कमी होणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. हा फरक कळायलाच व्याख्यानं लागतात, सर.

शिट्टीवाला
'सर' टोमण्यात म्हणू नका.

बाकावरची
मी दोन वर्षांपूर्वी याच विषयाची विद्यार्थिनी होते. लांब पल्ल्याची धावपटू. सात महिने पाळी आली नव्हती आणि मला वाटायचं, सराव जोरात चाललाय त्याची खूण. मैत्रिणीही तेच म्हणायच्या. एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं तर शरीर आधी अशीच कामं बंद करतं, मग हाडांना बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' नाव दिलं, मुलग्यांनाही होतं. पुस्तकात यावर अडीच ओळी होत्या, मी त्या पाठही केल्या होत्या. त्या माझ्याबद्दल आहेत हे बाई बोलेपर्यंत कळलं नाही. व्याख्यानानंतर जिन्यात गाठून विचारलं. वर्गात सरांसमोर विचारलंच नसतं.

गुडघा_नंबर_दोन
छान लिहिलंय. शिट्टीवाला, पण बर्फ थेट कातडीवर लावता की फडक्यात गुंडाळून?

लाल_शाई
अहो, ती काय सांगतेय आणि तुमचं काय चाललंय! बर्फासाठी वेगळा धागा काढा.

शिट्टीवाला
फडक्यात. एवढं कळतं.

बाकावरची, तुझं वाचून जरा थांबलो. माझ्याही मुली धावतात आणि हे मी एकीलाही कधी विचारलेलं नाही. विचारायचं तरी कसं, तेही कळत नाही. तर बरं, आहारवाल्या बाईंना बोलवा. पण वीस मिनिटं बोलणं आणि बाकी सगळा वेळ प्रश्न. नंतर अर्धा तास जिन्यातही थांबायचं. स्लाइडवाले आणि डबेवाले नकोत.

उंटावरून
म्हणजे मूळ धाग्याचं बरोबरच होतं, फक्त निम्मं.

लाल_शाई
निम्मं तर निम्मं. शिट्टीवाला, पुढच्या महिन्यात दुखापतींवर तास आहे. डॉक्टरांशेजारी तुम्हीही बसा. पहिला प्रश्न बर्फाचाच येणार.

शिट्टीवाला
येतो. सत्कार नको, फोटोही नको.

गुडघा_नंबर_दोन
मीही येतो. दुसरा प्रश्न माझा.