'गोल्ड मोल्डेड'ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ
एडिसनच्या फोनोग्राफवरचा, म्हणजे आवाज मुद्रित करून ऐकवणाऱ्या यंत्रावरचा लेख भाषांतरित करतेय. १९०२ मध्ये त्याच्या कंपनीने त्यावर वाजवायची 'गोल्ड मोल्डेड' नळकांडी बाजारात आणली. मी बिनधास्त 'सोनेरी ध्वनिमुद्रिका' लिहिलं. सोबत छापायचा फोटो आला, तर नळकांडं काळंकुळकुळीत! सोनं लागायचं फक्त साचा करताना. मेणाच्या मूळ मुद्रणावर निर्वात पेटीत सोन्याचा अतिपातळ थर बसवायचे, त्यावर विजेने तांबं चढवायचे, मग आतलं मेण काढलं की साचा तयार. 'सुवर्णसाची' म्हणू का? जिभेला अडतंय.

तांबट
'सोनसाच्याची' म्हणा, सोपं आहे. आमचं कोल्हापुरात ओतकाम आहे. धातू थंड होताना आकसतो म्हणून लाकडी पॅटर्न (साचा करायचा नमुना) थोडा मोठाच करावा लागतो. आमच्या डोक्याला तो कायमचा ताप, आणि इथे त्याच आकसण्यावर सगळी मदार! आवाजाच्या खाचा साच्याच्या आतल्या अंगाला. मेण थंड होऊन आकसलं की खाचांतून सुटतं आणि नळकांडं अलगद बाहेर येतं. फार आवडलं हे.

खडूफळा
पण 'मेण' का म्हणताय? त्याआधीच्या तपकिरी नळकांड्यांत स्टिअरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा असायचा. हा चक्क साबण झाला! दमटपणा सोसावा म्हणून त्यात सेरेसिन (एक खनिज मेण) घालत, तरी बुरशी धरायचीच. मी रसायनशास्त्र शिकवलंय, मला 'धातुसाबण'च बरोबर वाटतो.

पानगळ
सर, वाचक गोंधळतील हो.

ओसरी
मेणबत्तीत तरी मधमाशीचं मेण कुठे उरलंय? पॅराफिन असतं, तरी आपण मेणबत्तीच म्हणतो. लोक म्हणतात ते मेण. माझी हरकत 'नळकांडं'वर आहे. पुस्तकात 'वृत्तचिती' आहे की.

तांबट
वृत्तचिती वहीत काढायची. हातात धरायची पोकळ वस्तू नळकांडंच.

ओसरी
बरं, मग 'मुद्रिका' बघा. मुद्रिका म्हणजे अंगठी. नळकांडं यंत्राच्या दांड्यावर अंगठीसारखंच चढवतात. 'ध्वनिमुद्रिका' शब्द तिथूनच आला असणार, सपाट तबकडीला तो नंतर चिकटला.

खडूफळा
नाही पटत. मुद्रा म्हणजे ठसा, त्यावरून मुद्रण, त्यावरून मुद्रिका. आकाराचा संबंध नाही.

ओसरी
ठसा उमटवायची अंगठी हीच तर मुद्रिका! दोन्ही अर्थ एकाच वस्तूत आहेत, सर.

पानगळ
माझा लेख उद्या द्यायचाय. 'सोनसाच्याची' चालेल ना?

माळवा
आमची आजी इंदूरची. ती ग्रामोफोनला 'चूडीबाजा' म्हणायची. चूडी म्हणजे बांगडी, म्हणजे ओसरीताईंच्या अंगठीच्या जवळचंच. पण आजोबांकडे तबकड्याच होत्या, नळकांडी मी कधी पाहिली नाहीत. तबकडीला कोणी चूडी कशाला म्हणेल? माळव्यातलं, खानदेशातलं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे काय म्हणायचे?