पायरोइलेक्ट्रिकला 'तापविद्युत' म्हणावे का?

एका लेखाचे मराठी करते आहे. विषय असा: वाळवून दळलेल्या पानांत कोणती मूलद्रव्ये आहेत हे पायरोइलेक्ट्रिक (तापमान बदलताना विद्युतभार निर्माण करणारा) स्फटिक वापरून शोधायचे. मी लिहिले, 'तापविद्युत स्फटिक वनस्पतींतील घटक ओळखतो'. पण परत वाचताना औष्णिक वीजकेंद्राची धुराडी डोळ्यांसमोर येतात. दुसरा शब्द सुचवाल का?

—

'तापविद्युत' नकोच. तो शब्द थर्मोइलेक्ट्रिकसाठी लागतो आणि ती गोष्ट वेगळी. तिथे वस्तूचे एक टोक गरम, दुसरे गार असावे लागते. पायरोइलेक्ट्रिक स्फटिक सगळीकडे सारखाच तापलेला असला तरी चालतो, फक्त त्याचे तापमान बदलत असले पाहिजे. एकदा ते स्थिरावले, की कितीही जास्त असो, नवा विद्युतभार काही मिळत नाही. मी 'उत्तापविद्युत' वापरतो.

—

उत्ताप म्हणजे फार मोठा ताप. हा स्फटिक गार होतानाही तेच काम करतो, फक्त भाराचे चिन्ह उलटते. मग 'उत्ताप' कशाला?

—

हरकत रास्त आहे, पण दोष मूळ नावातच आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने 1824 मध्ये हे नाव वापरले तेव्हा ग्रीकमधला 'अग्नी' घेतला. कारण समजण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टूर्मलीन युरोपात नेले. निखाऱ्यांत तापवलेला तो खडा राख ओढून घेई, म्हणून त्यांनी त्याला 'राख ओढणारा' असेच नाव दिले. टूर्मलीनला मराठीत तोरमल्ली म्हणतात आणि तो शब्द सिंहलीतला. म्हणजे खड्याचे नाव आपल्याकडे शेजारून आले, गुणधर्माचे मात्र ग्रीसहून. असो. मी पहिल्यांदा 'पायरोइलेक्ट्रिक (उत्तापविद्युत)' लिहीन आणि पुढे नुसते पायरोइलेक्ट्रिक.

—

शब्दावर एवढी चर्चा झाली, पण ताईंच्या वाक्यात त्याहून मोठी चूक आहे. स्फटिक काही *ओळखत* नाही! तो फक्त क्ष-किरण तयार करतो. लिथियम टँटॅलेटचा छोटा स्फटिक अगदी कमी दाबाच्या वायूत ठेवून थोडा तापवायचा, मग गार होऊ द्यायचा. त्याचे ध्रुवण, म्हणजे आतल्या धन-ऋण भारांची मांडणी, बदलते, पृष्ठभागावरचा भार तितक्या लवकर भरून निघत नाही आणि हजारो व्होल्ट साठतात. त्या ओढीने इलेक्ट्रॉन धावतात. एका फेरीत ते समोरच्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर आदळतात, उलट फेरीत स्फटिकावरच. दोन्ही वेळा क्ष-किरण निघतात. उच्च दाबाचा वीजपुरवठा लागत नाही की किरणोत्सारी स्रोत लागत नाही, हेच त्याचे कौतुक. जेम्स ब्राउनरिज या भौतिकशास्त्रज्ञाने 1992 मध्ये सीझियम नायट्रेटच्या स्फटिकाने हे दाखवले होते.

हे किरण पानाच्या भुकटीवर पडले की तिच्यातले अणू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतात: पोटॅशियम 3.31, कॅल्शियम 3.69, लोह 6.40 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. ओळख पटवतो तो शोधक, म्हणजे डिटेक्टर.

—

अच्छा, म्हणजे कर्ताच चुकला! आणि 'घटक'?

—

'मूलद्रव्ये' करा. पानाचे घटक म्हटले की पिष्ट, हरितद्रव्य, तंतू हेही आले. 'तत्त्व' हिंदीत चालते, मराठीत ते तत्त्वज्ञानाकडे जाते.

—

'स्फटिक'सुद्धा जपून. बऱ्याच वाचकांना तो पारदर्शक क्वार्ट्झ वाटेल, आणि क्वार्ट्झ दाबल्यावर वीज देतो पण पायरोइलेक्ट्रिक नाही. सरळ 'लिथियम टँटॅलेटचा स्फटिक' म्हणा.

—

अणूंनी असे किरण परत देण्याला, म्हणजे फ्लुओरेसन्सला, 'अनुस्फुरण' लिहिले आहे. आणि मूलद्रव्यांची यादी 'नत्र, स्फुरद, पालाश' अशी. चालेल?

—

'अनुस्फुरण' छान आहे, 'प्रतिदीप्ती'ही चालते. यादी मात्र बदला. नायट्रोजनचे किरण इतके क्षीण असतात की हवेतच विरतात, त्यामुळे नत्र या पद्धतीत दिसतच नाही. फॉस्फरसही हवेत जेमतेम. पोटॅशियम उत्तम दिसते, पण त्याला 'पालाश' म्हणू नका. खताच्या हिशेबात पालाश म्हणजे पोटॅशियमचे ऑक्साइड. त्यात निव्वळ पोटॅशियम सुमारे 83 टक्के, म्हणजे शब्द बदलला की आकडाही बदलतो.

—

तांबेसुद्धा यादीतून काढा किंवा निदान तळटीप द्या. पत्र्याच्या तांब्याची रेषा, म्हणजे त्याच्या ठरावीक किरणांची ऊर्जा, 8.05 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, स्फटिकातल्या टँटॅलमची 8.15 वर. पानातले तांबे आधीच इतके थोडे, ते या दोघांच्या गर्दीत कुठे दिसणार?

—

सगळ्यांचे आभार. आता असे केले आहे: 'लिथियम टँटॅलेटच्या पायरोइलेक्ट्रिक (उत्तापविद्युत) स्फटिकापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांच्या साहाय्याने वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांतील मूलद्रव्यांची ओळख'. लांबले खरे. भुकटी दाबून जी गोल चपटी वस्तू करतात तिला 'गोळी' म्हटले आहे.

—

'चकती' करा. गोळीला सपाट पाठ नसते, आणि किरणांना तीच हवी असते.