मदत हवी आहे: पोलिसांत गेलो तर तिलाच अटक होईल का?

सांजसावली
कुणीतरी लवकर सांगा, शक्यतो आजच. एजंटने कामाला लावतो म्हणून आणलं, पगार एकदाही दिला नाही, बाहेर सोडत नव्हते. ती भारतीय नाही, बर्माची आहे. पोलिसांत गेलं तर घुसखोरीची केस तिच्यावरच होईल असं सगळे म्हणतायत. नवरा म्हणतो, यात पडू नकोस. मग जायचं कुठे? 'पोलिसांना फोन करा' एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू.

चहाबाज
ती म्हणजे कोण? वय काय? आत्ता कुठे आहे?

सांजसावली
बाजूच्या सोसायटीत चोवीस तासांची बाई म्हणून होती. परवापासून माझ्याकडे आहे. लिहिलं नाही का मी?

चहाबाज
नाही लिहिलंत. आणि वय अजूनही नाही लिहिलंत.

अण्णा_देवगडकर
थेट नगरसेवकाला गाठा. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचं काम वर्षभर अडलं होतं, एका फोनवर झालं. पोलीस बिलीस सगळे सरळ होतात.

काळाकोट
अण्णा, हे ड्रेनेज नाही.
ताई, नीट वाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली हा मानवी तस्करीचा गुन्हा आहे. 'ती स्वतःच्या मर्जीने आली' हा बचाव तिथे चालत नाही, पीडितेची संमती कायदा धरतच नाही. केंद्रीय गृहखात्याने १ मे २०१२ रोजी सर्व राज्यांना लेखी सूचना दिल्या आहेत: परदेशी स्त्री किंवा मूल तस्करीचं बळी असल्याचं तपासात निघालं तर (तेव्हाच्या १९४६ च्या) विदेशी नागरिक कायद्याखाली तिच्यावर खटला चालवू नये, आरोपपत्र आधीच गेलं असेल तर तिच्यापुरता तो मागे घ्यायची पावलं उचलावीत. पण ही सूचना आहे, कायद्याचं कलम नव्हे. ठाण्यातल्या हवालदाराला ती ठाऊक असेलच असं नाही, म्हणून एकटीने जाऊ नका.
आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा (जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं) किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तस्करीग्रस्तांना मोफत वकील आहे, नागरिकत्वाची अट नाही. त्या वकिलाला घेऊनच मानवी तस्करी विरोधी पथकाकडे.
एक कटू गोष्ट. परदेशी व्यक्ती घरी उतरली की सरकारला कळवायचं बंधन असतं. लपवून ठेवाल तितक्या तुम्ही अडकाल.

रोखठोक
रोहिंग्या असणार. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच सांगितलंय, यांना परत पाठवा. आपल्या बायकांना कोण विचारतं?

काळाकोट
अर्धंच वाचलंत. जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला कोर्टाने नकार दिला हे खरं. पण त्याच आदेशात आहे की ठरलेली कायदेशीर प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि संविधानाच्या कलम १४ व २१ चे (समानतेचे व जगण्याचे) हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहेत. शिवाय एजंटला आत टाकायचं तर ही साक्षीदार लागेल. तिला हाकललंत की तो सुटला.

रोखठोक
एनजीओची भाषा.

मुक्ता_प
मी बांगलादेशी मुलींच्या सुटकेनंतरचं काम केलंय. त्यांचं एकच लक्षात ठेवा: निवारागृहात दाखल झाल्यावर खरी वाट पाहणं सुरू होतं. उच्चायुक्तालयाकडून पत्ता पडताळून येईपर्यंत महिनेच्या महिने जातात. तरी त्यांना जायला घर असतं. रोहिंग्यांना म्यानमारच्या १९८२ च्या कायद्यामुळे तिथलं नागरिकत्वच नाही, पडताळणी करणार कोण? तिच्याकडे कागद कुठला आहे?

सांजसावली
फोटोचं एक कार्ड आहे, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) लिहिलंय. कॉक्स बाझारच्या छावणीतलं. मग झालं ना काम?

मुक्ता_प
नाही हो. ते बांगलादेशातलं. इथे त्यांच्या दिल्लीच्या कार्यालयात वेगळी नोंद करावी लागते. आणि १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. पण ती कोण, कुठून आली याचा पुरावा आहे. झेरॉक्स काढा, मूळ कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका.

पर्णिका
इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. मुलीच्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन जुन्या पत्त्यावर गेलंय, काय करू?

चहाबाज
पर्णिका, वेगळा धागा काढा. सांजसावली, वय!!

सांजसावली
अठरा म्हणते. मला सोळाच्या वर वाटत नाही.

काळाकोट
हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग सगळं बदललं. शंका असली तरी १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) आजच फोन. चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं, वय ती समिती ठरवेल. मुलांच्या तस्करीला शिक्षा दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. विधी सेवेचा वकील तरीही हवाच. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३) लवकर नोंदवून घ्यायला सांगा, नंतर कुणी दमदाटी केली तरी तो कागदावर राहतो.

अण्णा_देवगडकर
तरी नगरसेवकाच्या कानावर घालून ठेवा.

सांजसावली
१०९८ ला लागला फोन. संध्याकाळी येतायत. तिला हिंदी फार थोडं येतं, माझ्याशी खुणांनीच चाललंय. बंगाली येणारी मैत्रीण बोलावू?

मुक्ता_प
कोलकात्याची बंगाली तिला अर्धीमुर्धीच कळेल. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीच्या जवळची. आणि बाजूच्या सोसायटीतलं कुणी 'मी दुभाषी होते' म्हणून आलं तर दार उघडू नका. दुभाषी समितीकडूनच मागा, तसा लेखी अर्ज द्या.